बॅटरीवर नाहक आळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृग जवळ आला की आमच्या मुरबाड तालुक्यात जुने ट्रॅक्टर शेडमधून बाहेर निघतात, आणि पाठोपाठ कल्याणहून नव्या बॅटऱ्या येतात. सेल्फ मारला, नुसतं टकटक झालं, की मालक म्हणतो 'बॅटरी गेली'. पाच-सात हजार मोजतो. नव्या बॅटरीवर आठवडाभर ट्रॅक्टर फटकन सुरू होतो आणि ऐन चिखलणीत पुन्हा टकटक. मग दुकानदाराच्या नावानं शिमगा. मी इथे ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, त्यामुळे हा खेळ दर पावसाळ्यात माझ्या दारात होतो. आपल्या दैनिकात बियाणं, खत, पीककर्ज, नवे ट्रॅक्टर या सगळ्यांची माहिती येते. जुन्या ट्रॅक्टरच्या चार्जिंगबद्दलही चार ओळी याव्यात, म्हणून हे पत्र.

नळालाच पाणी नसेल तर हंडा नवा आणून काय उपयोग? महिंद्राने १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारी केली, त्यातून आलेला बी-२७५ आमच्याकडे अजून शेतात उतरतो. त्या काळच्या ट्रॅक्टरांना बॅटरी भरायला आताच्यासारखा अल्टरनेटर नव्हता, जुन्या पद्धतीचा डायनामो होता. संथ गतीला डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. इंजिन हजार फेऱ्यांच्या आसपास गेलं की कटआउट, म्हणजे डायनामो आणि बॅटरी यांना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच, जुळतो आणि करंट बॅटरीकडे जायला लागतो. म्हणजे दिवे चालू ठेवून, गाडी स्लोवर सोडून टपरीवर चहा पीत बसलात तर तेवढा वेळ बॅटरी उतरतच असते. बरं, पूर्ण जोरात असला तरी तो डायनामो वीस-बावीस अँपिअरच्या पुढे जात नाही, काही तर त्याच्या निम्म्यावरच थांबतात. ५५ वॅटचे दोन हेडलाइटच नऊ अँपिअर खातात. त्यावर कुणी फोकस चढवतो, आणि लग्नसराईत हळदीच्या गाण्यांचा अ‍ॅम्प्लिफायरही त्याच बॅटरीवर! दोष कुणाचा ते आपणच ठरवा.

दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी. आता इंजिन सुरू करून रेस वाढवा. आकडा १४ च्या आगेमागे चढला तर चार्जिंग ठीक आहे. जागचा हललाच नाही तर बॅटरीला हात लावू नका, बिघाड दुसरीकडे आहे. सतत १५ च्या वर राहिला तर व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीचं पाणी उकळून जाईल.

डायनामो फिरवणारा पट्टा आधी बघा. मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर अर्धा-पाऊण इंच दबला पाहिजे. तेल लागून चकाकणारा पट्टा ताणून उपयोग नाही, बदलाच. पण आमच्या भाताच्या मुलखात माझा पहिला संशय असतो अर्थिंगवर, म्हणजे बॅटरीचं एक टोक ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणाऱ्या पट्टीवर. चिखलपाण्यात केजव्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून फिरणाऱ्या ट्रॅक्टरची अर्थिंगची पट्टी गंजते, वरून कुणीतरी हौसेनं रंग मारतो आणि बोल्ट रंगावरच आवळला जातो. मीटरची एक वायर बॅटरीच्या अर्थ टर्मिनलच्या शिशावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी सोडा, जागा घासून पांढरी करा, परत आवळा. गिऱ्हाईक एवढ्यावर खूश होऊन परत जातं आणि मला मजुरीही धड मागता येत नाही.

तिथे काही सापडलं नाही तर डायनामो. त्याच्या डी आणि एफ या दोन्ही टर्मिनलच्या वायरी काढा, दोन टर्मिनल छोट्या तारेनं जोडा, मीटर त्या तारेवर आणि बॉडीवर लावा. इंजिन स्लोवरून हळूहळू वाढवा. व्होल्टेज अडखळत न चढता वीसपर्यंत गेलं की लगेच थांबा. डायनामो चांगला आहे, कटआउट किंवा वायरिंग तपासा. एखाद्या व्होल्टवरच अडकलं तर संशय फील्ड कॉइलवर (आतल्या स्थिर वेटोळ्यावर), चार-पाचवर अडकलं तर आर्मेचरवर (आतल्या फिरणाऱ्या भागावर). कार्बन झिजलेत का, ते ज्यावर घासतात तो तांब्याचा कम्युटेटर काळा पडलाय का, तेही पाहा. तो बारीक काचपेपरनं साफ करायचा, एमरी पेपरनं नाही. एमरी मारून आणलेले डायनामो पाहिले की माझं डोकं फिरतं.

बरीच वर्षं पडून राहिलेल्या डायनामोतलं चुंबकत्व उतरलेलं असतं. एफची वायर काढून त्या टर्मिनलला बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकाची तार क्षणभर टेकवली की तो जागा होतो. हा प्रयोग अल्टरनेटरवर चुकूनही करू नये. जुन्या इंग्लिश फर्ग्युसन, फोर्डसन ट्रॅक्टरांत प्लस अर्थ असायचं, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक लोखंडाला जोडलेलं. सवयीनं बॅटरी उलटी जोडण्याआधी खात्री करा. आणि इंजिन बंद केल्यावरही अँपिअर मीटरचा काटा पार डिस्चार्जकडे पडलेला दिसला तर कटआउट चिकटलाय. बॅटरीची वायर ताबडतोब काढा, नाहीतर वायरिंग जळेल.

दिवे जास्त हवेत तर अल्टरनेटर बसवावा, माझी ना नाही. मात्र जुना कटआउट काढून, अर्थ मायनस करूनच. रात्री माळशेजच्या रस्त्यावर मंद दिव्यांचा ट्रॅक्टर आणि मागे टेललाइट नसलेली ट्रॉली येते, तेव्हा मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला काय दिसत असेल?

आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयांना एक विनंती: मुलांच्या बाकावर एक तरी जुना डायनामो ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या पोरांना स्कॅनर लावता येतो, कटआउट मात्र ओळखू येत नाही. दोन भंगार डायनामो मी फुकट द्यायला तयार आहे.

पत्र आवणीच्या आधी छापलंत तर बरं. नंतर आमच्याकडे पेपर वाचायला कुणाला फुरसत नसते.

— एक ऑटो इलेक्ट्रिशियन, मुरबाड (जि. ठाणे)