फुटबॉलला दोन परिच्छेद, अंड्याच्या भावाला एक ओळ

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला, 'वेंकीज' हा कोंबड्यांचा उद्योग उभा करणाऱ्या बी. व्ही. रावांवरचा लेख वाचला. चांगलाय, फोटो तर फारच चांगला. पण राव गेले 1996 ला आणि इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा फुटबॉल क्लब त्यांच्या कंपनीने घेतला 2010 ला, मग त्यांच्या जीवनप्रवासात क्लबला दोन परिच्छेद कशाला? आणि 1982 साली एनईसीसी, म्हणजे अंड्याचा भाव काढणारी आम्हा शेतकऱ्यांची संघटना, उभी केली त्याला एक ओळ, 'त्यांनी शेतकऱ्यांना संघटितही केले'. संघटितही! म्हणजे जाता जाता केलं जणू.

अहो त्याआधी भाव व्यापारी ठरवायचा, आपण माल भरून द्यायचा आणि तो सांगेल तो आकडा ऐकायचा. या माणसाने फिरून फिरून बैठका घेतल्या, 'माझं अंडं, माझा भाव, माझं आयुष्य' म्हणून लोक गोळा केले. त्यात त्यांचाही धंदा होताच, लेअरवाले, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणारे आम्ही, बुडालो तर त्यांच्या हॅचरीत उबवलेली पिल्लं कोण घेणार, मी काही त्यांना देवमाणूस म्हणत नाही. पण तुम्ही नुसतं 'शून्यातून कोट्यवधी' छापता आणि मग सोमवारी दोन पोरं माझ्या शेडवर येऊन विचारतात, काका किती पक्ष्यांपासून कोटी सुटतात.

मार्च 2020 चं सांगतो त्यांना, तुम्हालाही सांगतो. माझे तेव्हा पाच हजार पक्षी, रोज दीडशे ट्रे निघायचे. व्हॉट्सॲपवर चिकन-अंड्याने कोरोना होतो हे सुरू झालं, तुम्ही पण पहिल्या पानावर 'चिकन खावे का?' असं प्रश्नचिन्ह टाकून मोकळे झालात, आणि आमच्या व्यापाऱ्याची गाडी सहा दिवस आलीच नाही. कोंबडी काय पेपर वाचत नाही, ती अंडं देतेच. शेड भरलं, पडवी भरली, मग मोटरसायकल बाहेर काढून पुढच्या खोलीत ट्रे लावले, पोरगी दहावीचा अभ्यास त्या ट्रेच्या भिंतीमागे बसून करायची आणि पंखा लावायचा की नाही यावरून भांडणं. सातव्या दिवशी गाडी आली तर शेकडा 190. माझा नुसता खर्च चारशेच्या घरात, खाद्य तर उधारीवर. मी म्हटलं एनईसीसीचा भाव बघा की जरा, तर म्हणे, "पेपर रेट पेपरात, माझा रेट हा. द्यायचं तर द्या." दिलं. काय करणार, पक्ष्यांना मका-सोयाबीन पेंड तर रोज लागते.

राव असते तर त्या गाडीवाल्याचं काय केलं असतं माहीत नाही, पण तुमच्या लेखात तो गाडीवाला यायला हवा होता, तो 1982 च्या आधीही होता आणि आजही आहे. एनईसीसीने भाव काढायचा आणि व्यापाऱ्याने त्यातून शेकड्यामागे कापायचं, यावर कुणी लिहीत नाही, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

जाता जाता एक, तुमच्या बाजारभावाच्या चौकटीत अंड्याचा शेकड्याचा आकडा गेले पंधरा दिवस 'डझन' म्हणून छापताय. मी दोनदा फोन केला, ऑपरेटर बाई म्हणाल्या जाहिरात विभागाला देते. तेवढं डझन काढा.

आपला,
एक लेअरवाला, ता. फलटण