भेट बंद करून साथ थांबत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तापाची साथ आली की वृद्धाश्रमाच्या फाटकावर पाटी लागते : ‘पुढील सूचनेपर्यंत नातेवाइकांना भेट बंद.’ पुढची सूचना कोण देणार, कधी देणार, याचा पत्ता नसतो. त्याच आठवड्यात कुणाच्या वाढदिवसाचे किंवा वर्षश्राद्धाचे अन्नदान ठरलेले असेल तर मात्र वीस-पंचवीस माणसे गाडी भरून येतात, पंगत वाढतात, आजींच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात आणि निघून जातात. पितृपक्षात तर विचारूच नका. देणगीदाराला नाही म्हणणे जड जाते, मुलीला नाही म्हणणे सोपे. संसर्गाच्या हिशेबाने हे नेमके उलटे आहे. मुलगी फक्त आपल्या आईजवळ बसते, पंगत प्रत्येक खाटेजवळून फिरते.

कोरोनाच्या काळात अमेरिकेने १३ मार्च २०२० पासून नर्सिंग होममधल्या (म्हणजे तिथल्या शुश्रूषेची सोय असलेल्या वृद्धाश्रमांतल्या) भेटी जवळजवळ पूर्ण थांबवल्या. सप्टेंबरात त्या थोड्या सैल केल्या आणि सर्वांना सर्व वेळ भेटीची मुभा द्यायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. मधल्या काळात तिथले मृत्यू काही थांबले नाहीत, कारण विषाणूला आत यायला दुसरा दरवाजा उघडाच होता. सिएटलजवळच्या ज्या संस्थेत पहिला मोठा उद्रेक झाला, तिथे १८ मार्चपर्यंत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला येणारे बाधित निघाले. कोणी कोणाला दिला हे या आकड्यांवरून ठरत नाही. पण तपासात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या : कर्मचारी अंगात लक्षणे असताना कामावर येत होते आणि काही जण एकाहून जास्त ठिकाणी काम करत होते. याउलट नेदरलँड्समध्ये मे २०२० मध्ये २६ संस्थांनी प्रत्येक रहिवाशाला एक ठरावीक भेटणारा नियमांसह आत येऊ दिला. पहिल्या काही आठवड्यांत त्यातून नवी लागण आढळली नाही.

आपल्याकडची सेवेची कामे करणारी मावशी दिवसा वृद्धाश्रमात आणि रात्री कुणाच्या घरी किंवा खासगी दवाखान्यात असते. रोजंदारी कापली जाते म्हणून ती तापाची गोळी घेऊन येते. गोळीने ताप उतरतो, त्यामुळे दारावरची थर्मल गन तिला पकडत नाही. आजारी दिवसाची मजुरी न कापणे हा संसर्ग नियंत्रणातला सर्वात स्वस्त उपाय आहे, आणि व्यवस्थापन तोच शेवटी करते. ड्युटी सुरू होताना गन लावण्यापेक्षा तिला विचारावे : घसा दुखतो का, जुलाब आहेत का, घरी कोणी आजारी आहे का, सकाळी कोणती गोळी घेतली? बदली माणसांची यादी आधीच तयार असावी, नाहीतर खरे उत्तर कोणी देणार नाही. साथीत एका दालनाला तीच मावशी ठेवावी. आधी निरोग्यांचे काम, शेवटी आजाऱ्यांचे.

तपासणीबद्दल गैरसमज सर्वात जास्त, म्हणून जरा सविस्तर. म्हाताऱ्या माणसाला ताप तरुणासारखा चढत नाही. एकदा १०० अंश फॅरनहाइटच्या वर, वारंवार ९९ च्या वर, किंवा त्याच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश जास्त, यातले काहीही तापच समजावे. त्यासाठी प्रत्येकाचे धडधाकट असतानाचे तापमान आणि ऑक्सिजन वहीत लिहिलेला हवा. खोकल्याआधी दिसतात त्या वेगळ्याच गोष्टी : ताट तसेच राहणे, अचानक बरळणे, दोनदा तोल जाणे, कधी नाही ते अंथरूण ओले होणे. ऑक्सिमीटर मेंदी लावलेल्या किंवा गार बोटावर चुकू शकतो. बोट चोळून, आकडा स्थिर झाल्यावरच वाचावा. ९४ पेक्षा कमी किंवा नेहमीपेक्षा ३ हून अधिक घट असेल तर डॉक्टरांना फोन करावा.

सिएटलच्याच भागातल्या दुसऱ्या एका संस्थेत बाधित निघालेल्या ४८ रहिवाशांपैकी २७ जणांना तपासणीच्या दिवशी काहीच लक्षण नव्हते. म्हणून एक जण कोरोनाबाधित निघाला की त्या दालनातल्या सगळ्यांची आणि तिथे वावरलेल्या कर्मचाऱ्यांचीही तपासणी करायची. संपर्काचा दिवस शून्य धरला तर ती पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी. सगळ्यांना एकदा तपासून ‘सगळे निगेटिव्ह’ म्हणून मोकळे होणे ही नेहमीची चूक, कारण काल लागण झालेला आज निगेटिव्हच येतो. लक्षणे असताना अँटिजेन (किटवरची झटपट तपासणी) निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर (लॅबमधली तपासणी) करावी, हे आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) जून २०२० मध्येच सांगितले होते. ती लगेच होत नसेल तर ४८ तासांनी अँटिजेन पुन्हा करावी आणि तोवर त्या माणसाला बाधितच धरावे.

अँटिजेन किट साधारण २ ते ३० अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि किटचा खोका ऑफिसातल्या लोखंडी कपाटात पडलेला असतो. असे किट मुदतीत असूनही खोटे निगेटिव्ह दाखवू शकते. ते फ्रिजमध्ये ठेवावे (फ्रीजरमध्ये नव्हे), तपासणीच्या अर्धा तास आधी बाहेर काढावे आणि तपासणी सकाळी उरकावी. दोन्ही नाकपुड्यांत कांडी पाच-पाच वेळा फिरवावी, किटच्या कागदावर लिहिलेत तेवढेच थेंब टाकावेत आणि घड्याळ लावून सांगितलेल्या वेळी वाचावे. बहुतेक किटना ती १५ मिनिटे असते. किटवरच्या ‘टी’ अक्षरासमोरची पुसट रेघही पॉझिटिव्हच. ‘सी’समोर रेघ नसेल तर किट फेकून द्यावे. आरटी-पीसीआरचा नमुना बर्फाच्या डब्यात २ ते ८ अंशांवर ७२ तासांत लॅबमध्ये पोचला पाहिजे. शनिवारी घेऊन सोमवारपर्यंत टेबलावर ठेवलेल्या नमुन्यावर भरवसा ठेवता येत नाही. बरे झाल्यावरही हा अहवाल काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मगच आत घेऊ’ ही अट म्हणूनच निरर्थक आहे. दहा दिवस झाले, ताप गेला, तब्येत सुधारली, की त्या माणसाला त्याच्या खाटेवर परत येऊ द्यावे.

कोरोनाच्या किटवर फ्लू दिसत नाही, हेही लक्षात ठेवावे. ७२ तासांत दोघांना ताप-खोकला झाला आणि त्यातल्या एकाचा फ्लू तपासणीत निघाला, तर आजाऱ्यांना ४८ तासांच्या आत ओसेल्टामिव्हिर (फ्लूचे औषध) सुरू करणे आणि बाकीच्या रहिवाशांनाही प्रतिबंधक डोस देणे याबद्दल डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलावे. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) जुना रिपोर्ट फाइलमध्ये हाताशी असावा.

आता हवेचे. खिडकीबाहेर बसवलेला कूलर चांगला, कारण तो बाहेरची हवा आत ढकलतो. मात्र समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओल कोंडते आणि गारवाही येत नाही. घोटाळा करतो तो दालनाच्या मधोमध ठेवलेला चाकांचा कूलर. तो आतलीच हवा फिरवतो आणि एका खाटेवरचा खोकला रांगेतल्या पुढच्या खाटांवर नेतो. स्प्लिट एसीचेही तेच. तिथे खिडकी थोडी उघडी ठेवून एक्झॉस्ट पंखा लावावा. कागदाचा कपटा धरून पाहावा, तो पंख्याकडे ओढला गेला पाहिजे. आजाऱ्याची खाट हवा बाहेर जाते त्या बाजूला हलवावी. खरी पंचाईत पावसाळ्यात होते : कूलर बंद, झडीमुळे खिडक्या बंद, आणि नेमका फ्लूचा हंगाम. तेव्हा एक्झॉस्ट रात्रीही चालू हवा, विजेचे बिल कितीही खुपले तरी.

फवारणीवर मात्र फार खर्च नको. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्राने एप्रिल २०२० मध्येच बजावले होते. ५ टक्क्यांचे हायपोक्लोराइट (क्लोरीनचे जंतुनाशक, थोडक्यात हायपो) असेल तर उलटी-शौच सांडलेल्या जागी आधी घाण पुसून एक भाग हायपो, चार भाग पाणी वापरावे (म्हणजे १ टक्का) आणि दहा मिनिटे तसेच ठेवावे. कठडे, नळ, कडी-कोयंडे यांना एक भागाला ४९ भाग पाणी पुरते. द्रावण रोज ताजे करावे. पत्र्याच्या खोलीत उन्हाळा काढलेल्या कॅनमधला क्लोरीन उडून जातो. संडासाच्या ॲसिडमध्ये हायपो कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो. जुलाबाची साथ असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नये, साबण-पाणीच हवे.

राहिली भेट. प्रत्येक रहिवाशाची दोन भेटणारी माणसे आधीच नोंदवून घ्यावीत आणि एका वेळी एकालाच सोडावे. उन्हाळ्यात सकाळी ७ ते १०, ओट्यावर किंवा कडुनिंबाखाली, पावसात ओसरीवर. उन्हातून आलेल्याचे कपाळ तापलेले असते, त्याला दहा-पंधरा मिनिटे सावलीत बसवून मग गन लावावी. मास्क खाली ओढला जातो तो बहुधा आजोबांना ऐकू येत नाही म्हणून. ज्या कानाने बरे ऐकू येते त्या बाजूला खुर्ची टाकली की ओरडावे लागत नाही. भेटीत चहा-फराळ नको, कारण तेव्हा दोघांचेही मास्क उतरतात. आखाजीचे (अक्षय तृतीयेचे) मांडे, आंबे मावशींकडे द्यावेत. डबा तीन दिवस बाजूला ठेवण्याचे नाटक करू नये, ताप-खोकल्याच्या साथी सहसा डब्यातून पसरत नाहीत. खाटेवरून उठू न शकणाऱ्याकडे भेटणाऱ्याने हात धुऊन थेट जावे, शेजारच्या खाटेवर टेकू नये. शेवटच्या घटकेला, रहिवासी बाधित असला तरी, एन-९५, गाऊन आणि हातमोजे देऊन मुलाला आत सोडलेच पाहिजे. विसरभोळेपणा वाढलेली कित्येक माणसे फक्त ओळखीच्या हातून जेवतात. त्यांची भेट ही सेवाच धरावी. दालनात साथ पसरली तर तेवढ्याच दालनातल्या साध्या भेटी काही दिवस थांबवाव्यात, पण फेरविचाराची तारीख आणि निर्णय घेणाऱ्याचा फोन नंबर लिहून.

नातेवाइकाचे येणे ही देखरेखही असते. जून २०२० मध्ये जळगावात रुग्णालयातून बेपत्ता समजल्या गेलेल्या ८२ वर्षांच्या आजी आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात मृतावस्थेत सापडल्या. आत घरचे माणूस असते तर इतके दिवस लागले नसते.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांच्या आश्रमाबद्दल बोलते. आश्रम उभा राहील तेव्हा राहील. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या समाजकल्याण आणि आरोग्य विभागांनी सध्या चालू असलेल्या आश्रमांकडून साथीच्या काळाची एक पानी योजना तरी लिहून घ्यावी : नमुने कोणत्या लॅबला जाणार, वेगळी खोली आणि वेगळा संडास कोणता, मावशींच्या बदलीला कोण, अन्नदान कोणत्या टप्प्यावर थांबणार. आणि फ्लूची लस आखाजीच्या सुमारास टोचून घ्यावी. ती लागू पडायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे मृगाच्या आत काम होते. रहिवाशांना लस दिली जाते तिथेही काही जण राहून जातात. यादीतून सुटतात त्या मावशी, स्वयंपाकीण आणि रात्रीचा वॉचमन. त्यांची नावे यादीत सर्वात वर लिहावीत.

आपली,
एक परिचारिका, अमळनेर (जि. जळगाव)