वकीलताई, चित्रांच्या कॉपीराइटबद्दल जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची कामं सुरू व्हायच्या आत हे पत्र जाहीरपणे लिहितोय. तुम्ही समजावलेलं इतर चित्रकारांच्याही उपयोगी पडावं, एवढाच हेतू.

सगळ्यात जास्त आभार कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ साठी. नोंदणीच्या अर्जाचं नंतर बघू, आधी चित्र कायद्याने कुणाचं ते ठरवा, हा तुमचा हेका होता. मोबदला देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा किंवा फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकवाल्यांची बरीच कामं फोनवरच ठरतात, आणि मग मूळ चित्र परत मिळालं तरी हक्क तिकडेच राहतो. म्हणून काम घेतानाच ‘कॉपीराइट चित्रकाराचा’ असं लिहून दोघांच्या सह्या. हक्क द्यायचाच असेल तर मुदत आणि प्रदेश लिहायचा. नाही लिहिला तर कायदा ५ वर्षं आणि भारत धरतो.

अर्ज त्यामानाने सोपा. फॉर्म १४ आणि सोबतची दोन तपशीलपत्रं ऑनलाइन भरायची, शुल्क एका चित्राला ५०० रुपये. कॅलेंडरची १२ चित्रं म्हणजे १२ अर्ज, ६००० रुपये. पण चित्र मसाल्याच्या पाकिटावर किंवा लोगो म्हणून वापरता येण्यासारखं असेल तर शुल्क २०००, शिवाय तसंच किंवा फसवं साम्य असलेलं चिन्ह दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही, असं ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं प्रमाणपत्र. इथे ५०० वर भागवायला गेलं की त्रुटी निघालीच म्हणून समजा.

मूळ चित्र कुणाच्या ताब्यात आहे, हा रकाना लोक रिकामा सोडतात. चित्र विकलं असेल तर तिथे घेणाऱ्याचं नाव, पत्ता, राष्ट्रीयत्व लिहायचं. नुसतं चित्र विकल्याने कॉपीराइट जात नाही. इन्स्टाग्रामवर टाकलेलं चित्र ‘अप्रकाशित’ म्हणून दाखवायचं नाही. छापून आलेलं असेल तर प्रकाशकाचं ना-हरकत पत्र जोडायचं. अर्ज भरल्यावर डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळाला म्हणजे नोंदणी झाली असंही नाही. हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, तपासणी त्यानंतर.

चादरींसाठी नक्षी काढणाऱ्यांना तुम्ही वेळीच थांबवलंत, हे फार बरं झालं. डिझाइन कायद्याखाली नोंदवता येण्यासारखी नक्षी न नोंदवता कारखान्यात ५० हून जास्त नगांवर उमटली, की तिच्यातला कॉपीराइट संपतो. त्यांचा रस्ताच वेगळा.

आणि हो, तारखेचा पुरावा म्हणून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने चित्र पाठवणं आता बंद! हक्क चित्र काढताक्षणीच मिळतो. कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते ती नोंदवहीतली नोंद, ते पाकीट नव्हे.

तुमचा मराठी करारनामा सगळ्यांनी छापून घेतलाय. काम मध्येच रद्द झालं तर कच्च्या स्केचेसचं काय, हे कलम त्यात राहिलंय. तेवढं घालून द्याल का?

आपले,
पुण्यातले काही चित्रकार