वाड्यातले रुमाल

बाळीवेस, सोलापूर
२८ मे

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. वाडा विकायचं तुम्हा भावंडांचं ठरलं, त्यावर मला काही म्हणायचं नाही. माळवद दर पावसाळ्यात गळतं, आप्पांना आता ते दगडी जिने चढवत नाहीत, आणि तुम्ही सगळे बाहेरगावी. पण कागदांचं तू जे सांगितलंस ते मनातून जात नाही. जुन्या वस्तूंचा तो व्यापारी शिक्क्यांची पत्रं तेवढी निवडून घेणार, सनदा तुम्ही वाटून घेणार आणि बाकीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, रद्दीत. अविनाश, असं करू नकोस. मी हात जोडून सांगतो.

तू किल्ली दिल्यापासून मी सकाळी ऊन चढायच्या आत वाड्यात जाऊन बसतो. सनदांची पत्र्याची पेटी वेगळी का आहे ते आधी सांगतो. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने प्रत्येक इनामदाराला हक्काचे पुरावे दाखवायला लावले. तेव्हा तुमच्या घरच्यांनी जमिनी वाचवणारे कागद कुलपात ठेवले आणि राजकारणाचे कागद खारव्याच्या रुमालांत बांधून मधल्या खणात रचले. कंपनी सरकारच्या राज्यात निजामाकडच्या वकिलातीचा उपयोग तो काय उरला होता! पण टाकले नाहीत. ज्या कारभाऱ्याने ते बांधले त्याने वर्षाचं वर्ष वेगळं लावलंय, पुडक्यांना सुतळ्या अजून त्याच आहेत.

आता व्यापारी काय मागतोय ते बघ. तुमचे पूर्वज भागानगरात, म्हणजे हैदराबादेत निजामाच्या दरबारी, वकील, आजच्या भाषेत दूत. धन्याकडून त्यांना जी पत्रं आली त्यांच्यावर शिक्के, शेवटी मोर्तब. वकिलाने स्वतः लिहिलेली पत्रं मात्र धन्याकडे गेली. आपल्या वाड्यात राहिले ते त्यांचे मसुदे, आणि मसुद्याला कोण शिक्का मारतो? म्हणजे शिक्क्याची पत्रं विकलीस तर धन्याचे हुकूम विकले जातील आणि तुमच्या पूर्वजांचा आवाज रद्दीत जाईल.

एक मसुदा तुला दाखवतो. वीतभर रुंदीचा कागद, बोरूची जाड मोडी, आधी रेघ ओढून मग खाली अक्षरं लोंबवलेली. घडी उघडली की शाई टिपायला टाकलेली चमकी वाळू अजून बोटाला लागते. नदीला पूर आल्यामुळे जासूद दोन दिवस अलीकडच्या तीरावर अडकले, असं सुरुवातीला आहे. मग चौथाईच्या बाकीचा विषय काढताच दिवाण रागावून उठून गेले, असं लिहिलंय, आणि ती ओळ खोडलीय. वर बारीक अक्षरात घातलंय की दिवाणांचा रुकार दिसतो, मात्र थोडा अवकाश मागतात. धन्याकडे गेलेल्या पत्रात ही दुसरी ओळच असणार. त्या दिवशी खरं काय घडलं ते जगात फक्त या एका कागदावर उरलंय, आणि त्याला तुमचा व्यापारी पाच रुपयेही देणार नाही.

त्याच पुडक्यात खर्चाची याद आहे. अजूरदार जासूद जोडीचा अजुरा (म्हणजे मजुरी), दरबारात नजर करायला शेला, अत्तर, विडे आणि दिवाणाच्या देवडीवरच्या हुजऱ्याला बक्षीस. तीच तिथी. मसुद्यात शेवटी फौजेच्या कूचाची एक बातमी दिलीय आणि ती खात्रीची आहे असं ठासून म्हटलंय. खात्री कुठून आली ते यादीत सापडतं. दोन्ही कागद मांडीवर शेजारी ठेवले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वकिलात चालायची कशी, बातमी कोणाच्या तोंडून निघायची, तिची किंमत काय पडायची, हे कोणत्याही बखरीत मिळणार नाही.

आणि साल? मसुद्यावर नुसतं छ. ९ जिल्हेज (छ. म्हणजे चंद्र, हिजरी महिन्याची तारीख). साल लिहिलेलंच नाही, लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊकच होतं. हिजरी महिने चांद्र, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, त्यामुळे जिल्हेज महिना आणि नदीला पूर हे सगळ्याच वर्षी जुळत नाही. मी जंत्री लावून पाहिली. १७९३ ते १७९५ या सुमारास जुळतं. माझा कल १७९४ कडे आहे, म्हणजे खर्ड्याच्या लढाईच्या आधीचा पावसाळा. पण पक्कं होईल ते शेजारच्या कागदांवरून. कुठे शुहूर सन दिलेला असतो (तो मृगापासून सुरू होतो, ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो), कुठे पाठीवर पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची, तारीख. पुडकं सुटलं की प्रत्येक कागद बिनसालाचा होतो. म्हणून नुसते जपा म्हणत नाही, ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने जपा म्हणतो.

खर्डा काही लांब नाही. आपण कॉलेजात असताना बार्शी, भूम करत गेलो होतो, तू किल्ल्याच्या तटावर बसून डबा खाल्लास. ११ मार्च १७९५ ला तिथे लढाई झाली ती कशावरून? चौथ-सरदेशमुखीच्या थकलेल्या बाकीवरून. वर्षानुवर्षं दोन्हीकडचे कारकून आकड्यांवर भांडत होते आणि वकील त्या याद्या घेऊन दरबारात उभे राहत होते. शेवटी तीन कोटींच्या घरातली बाकी निजामाने कबूल केली आणि दिवाण मुशीरुल्मुल्काला मराठ्यांच्या हवाली करावं लागलं. पेशव्यांतर्फे गोविंदराव काळे तिथे वकील होते. त्यांची पत्रं छापली गेली म्हणून आज त्या प्रकरणाची आतली बाजू कळते. तेव्हा हिशेबाचे कागद कोरडे म्हणून टाकायचे असतील तर खर्ड्याचं कारणच टाकल्यासारखं होईल.

हिंगण्यांचं उदाहरण तुला ठाऊक असेल. महादेवभट हिंगणे नाशिकचे, १७१९ च्या सुमारास दिल्लीत पेशव्यांचे वकील झाले आणि पुढे मुलांनी तेच काम चालवलं. १९४० च्या दशकात भारत इतिहास संशोधक मंडळाने गणेश हरि खऱ्यांकडून हिंगणे दफ्तर छापून घेतलं. (हे खरे म्हणजे विठ्ठलावर आणि पंढरपूरवर लिहिणारे तेच.) दिल्लीतला पेशव्यांचा सरदार अंताजी माणकेश्वर आणि हिंगणे यांचं मुळीच पटत नसे, दोघं एकमेकांच्या चहाड्या पुण्याला लिहीत. घराण्याची शोभा बघून कोणी ती पत्रं आधीच काढून टाकली असती तर पानिपताआधीची दिल्ली आपल्याला अर्धीच कळली असती. तुमच्या रुमालांतही कर्जाचे, भाऊबंदकीचे कागद आहेत. आप्पांना ते बाहेर जायला नको वाटतील. त्यांना सांग, दोनशे वर्षांपूर्वीच्या सावकाराची आता लाज कसली.

तेव्हा माझं म्हणणं असं. सनदांची पेटीसुद्धा न फोडता सगळं दफ्तर एकत्र पुण्याला मंडळाकडे द्यावं. घराण्याचं नाव त्यावर राहावं, मूळ कागद विकले जाऊ नयेत आणि तुम्हा सर्वांना छायाप्रती मिळाव्यात, एवढं लेखी करून घेऊ. तोवर कोणी उत्साहाने चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच नको, आणि उन्हात वाळवू नये. खालच्या दोन रुमालांना वाळवी लागली आहे, ते मी बाजूला काढून ठेवलेत, अजून उघडले नाहीत. बाकीच्या पुडक्यांना वरून खाली नंबर टाकतोय आणि सुतळी सोडण्याआधी फोनवर फोटो काढतोय. माझी मोडी कामचलाऊ आहे, पण नोंद करण्यापुरती पुरते.

मृगाला थोडेच दिवस राहिलेत. मधल्या खणावरचं माळवद यंदा टिकणार नाही, तेव्हा पहिल्या पावसाच्या आत सगळं माझ्या वरच्या खोलीत आणायचंय. दोन कपाटं रिकामी केली आहेत. त्यासाठी आप्पांची चिठ्ठी लागेल, नाहीतर वाड्यातला भाडेकरू रुमाल बाहेर काढू देणार नाही. आणि व्यापाऱ्याला तू स्वतः फोन करून नाही म्हणून सांग. तो शनिवारी येतोय, माझं ऐकणार नाही. धाकट्याला पैशाची नड आहे हे मला माहीत आहे, पण ती मोठी पत्रं विकून फिटणारी नाही. त्याच्याशी मी बोलू का? मला संकोच नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. शनिवारच्या आत कळव.

तुझा,
माधव