डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर

सागर, १४ जून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं जमलं नसतं. फोन लावला की बाबा ‘घे, आईशी बोल’ म्हणून मोकळे होतात आणि आई पाऊस आला का, जेवलीस का, याच्या पुढे जात नाही. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबांनी मोठ्याने वाचावं, आईला दम लागतो.

गेल्या महिन्यात आपण तिघं छातीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आईला त्या नळीत जोरात फुंकायला सांगितलं. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा मध्येच खोकल्याची उबळ आली. मग डॉक्टरांनी विचारलं, घरात कधी चूल होती का? आई म्हणाली, चूल नव्हती, स्टोव्ह होता, मग गॅस आला. पुढचा प्रश्न, ‘घर में कोई बीड़ी-सिगरेट?’ आणि आई, तू लगेच म्हणालीस, ‘नहीं जी, कोई नहीं.’

बाबा शेजारच्या खुर्चीत होते. शर्टाच्या खिशात बंडल होतं, कापडातून त्याचा गोल आकार दिसत होता. ते फाईलचे कागद सारखे करत बसले. मीही गप्प राहिले. डॉक्टरांनी ‘नाही’ असं लिहून घेतलं, आणि आता आईच्या आजाराच्या कागदावर तेच आहे.

महिनाभर ते ‘नाही’ माझ्या मनातून जात नाही. आई, तू बाबांना सांभाळून घेतलंस, मला कळतं. पन्नास वर्षं तेच केलंस. पाहुण्यांसमोर, मामांसमोर, माझ्या सासरच्यांसमोर. पण डॉक्टरांसमोर सांभाळून घेताना तू स्वतःला उघड्यावर टाकलंस. चुकीची माहिती घेऊन डॉक्टर बरोबर औषध कसं देणार?

बाबा, तुम्ही नेहमी म्हणता, ‘विडी माझी, पैसा माझा, छाती माझी.’ लहानपणी मला ते पटायचं. कोपऱ्यावरच्या दुकानातून बंडल आणायला मीच जायची आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांची गोळी घ्यायची. इथे सागरला बदली झाली नसती तर कदाचित अजूनही पटलं असतं.

माझ्या बँकेच्या शाखेत येणाऱ्या बायकांपैकी निम्म्याअधिक विडी वळतात. पहिल्याच आठवड्यात एक बाई पैसे काढायला आली. यंत्रावर अंगठा ठेवला, नोंद झाली नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, तेही नाही. मी तिचा हात हातात घेऊन बघितला. बोटांच्या टोकांवरच्या रेषा घासून गेल्या होत्या, कातडी गुळगुळीत, पिवळसर. आणि त्या हाताला वास येत होता. बाबा, तो तुमच्या शर्टाचा वास होता. लहानपणी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपायची तेव्हाचा. मला क्षणभर घरीच आल्यासारखं वाटलं, आणि मग फार वाईट वाटलं.

पुढे कर्जाच्या पाहणीसाठी तिच्या घरी गेले. एकच खोली. मांडीवर सूप, सुपात तंबाखूची भुकटी, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा, कात्रीने त्या मापाचं पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोऱ्याची गाठ मारायची, तोंड दुमडून बंद करायचं. बोलता बोलता तिने एक विडी केली, मला हात कुठे फिरला तेही दिसलं नाही. दिवसाला हजाराच्या आसपास होतात म्हणाली. सट्टेदार, म्हणजे विड्या गोळा करून नेणारा मुकादम, त्यातल्या मूठभर ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी नाही. तंबाखूची धूळ खोलीभर असते, भाताच्या पातेल्यावरही. तिच्या आईला क्षयाने नेलं. तिला स्वतःला पहाटे खोकला असतो. तिने आयुष्यात विडी ओढलेली नाही.

त्या रात्री मी हिशेब केला. बँकेची सवय. तुम्ही एकविसाव्या वर्षी सुरू केलीत, आता एकाहत्तर. दिवसाला वीस धरल्या तर पन्नास वर्षांत ३,६५,००० विड्या. आणि रोज हजार वळणाऱ्या बाईला तेवढ्या वळायला बरोबर एक वर्ष लागतं. रविवार नाही, दिवाळी नाही, बाळंतपण नाही, असं एक सबंध वर्ष. एका बाईचं ते वर्ष तुम्ही ओढलंत, बाबा. आणि ज्या खोलीत ओढलंत त्या खोलीत आई होती.

त्याच्याही आधी पानं तोडणाऱ्या बायका आहेत. एप्रिल-मे महिन्यांत, आपण इंदूरला दुपारी पडदे ओढून झोपतो तेव्हा, त्या पहाटेपासून जंगलात असतात. पन्नास पानांची एक गड्डी, हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा. आपलं मध्य प्रदेश तेंदूच्या पानात देशात पुढे आहे हे शाळेत भूगोलात पाठ केलं होतं. झाडावरून तोडण्यापासून विझेपर्यंत ही विडी बायकांच्या हातातून आणि छातीतून जाते, आणि म्हणायचं मात्र, ‘माझी’.

तुम्ही म्हणाल, मग त्यांच्या पोटावर पाय द्यायचा का? मागे एकदा म्हणालाही होतात. प्रश्न खोटा नाही आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. एवढंच सांगते, की त्या बाईने कर्ज मागितलं ते दोन शेळ्यांसाठी, आणि कारण विचारलं तर म्हणाली, पोरीला सुपापुढे बसवायचं नाही. तुमच्या वीस विड्यांची मजुरी तिच्या दिवसाच्या कमाईचा पन्नासावा भाग आहे. तेवढ्यावर तिचं घर उभं नाही. आणि २०१७ साली देशात विडीमुळे झालेल्या आजारांचा आणि मृत्यूंचा भार ८० हजार कोटी रुपयांवर गेल्याचा हिशेब अभ्यासकांनी मांडला आहे. त्यात औषधपाणी आहे, बुडालेला रोजगार आहे, अकाली गेलेली माणसं आहेत. विडी ‘गरिबाची, स्वस्तातली’ असते ती फक्त दुकानात.

विडी पानाची, म्हणून सिगरेटपेक्षा निरुपद्रवी, असंही तुम्ही म्हणता. ते उलट आहे. तेंदूच्या पानातून हवा नीट आत जात नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी सारखे झुरके घ्यावे लागतात, जोरात ओढावे लागतात. त्यामुळे कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू आणि धुरातलं चिकट डांबर (टार) सिगरेटपेक्षा जास्तच आत जातं.

बाबा, तुम्ही नियमाचे पक्के. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, त्या दिवसापासून तुम्ही ऑफिसात किंवा बसस्टँडवर विडी पेटवली नाहीत. मला तुमचा अभिमान वाटला होता. पण ती विडी कमी झाली नाही, ती घरी आली. संध्याकाळी ओसरीवर, पावसाळ्यात आतल्या खोलीत. आपल्या घरासारखी घरं फार आहेत. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत दर शंभर प्रौढांमागे जवळपास ३९ जणांना घरातच दुसऱ्याचा धूर घ्यावा लागत होता.

२०१७ मध्ये इंदूरचा स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हा तुम्ही रामबागेत पेढे वाटले होते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, गाडी यायच्या आधी तुम्ही दारात उभे. विडीचं एक थोटूक गल्लीत पडू देत नाही. खिडकीतल्या त्या बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात सगळी जमा करता. मी मागच्या वेळी तो डबा उघडला. वरपर्यंत भरला होता. डबा ठेवलेला होता आईच्या पलंगाच्या उशाशी, कारण तीच एक खिडकी आत उघडते. गल्लीत थोटूक नको म्हणून ते आईच्या डोक्याशी आलं, हे तुमच्या लक्षातच आलं नसणार. नाहीतर तुम्ही असं केलं नसतं.

आई, तू आता गच्चीवर चढत नाहीस. या उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायला शेजारच्या मुलीला पाठवलंस आणि मला सांगितलंस, ‘वय झालं.’ वय अडुसष्ट आहे. आजी पंच्याहत्तराव्या वर्षी त्याच जिन्याने वर जायची.

आता काय करायचं ते लिहिते. बंडलावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तो फुकट आहे, हिंदीत बोलतात, सोडायचं कसं ते टप्प्याटप्प्याने सांगतात. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप मोडेल, डोकं दुखेल. आई, तेव्हा तू दया येऊन बंडल आणून देऊ नकोस. २०२० साली आठ दिवस सुटली होती ती तुझ्याच हाताने परत आली. बाबा, उशीर झाला असं मनात आणू नका. शेवटच्या विडीनंतर वीस मिनिटांत हृदयाचे ठोके खाली यायला लागतात, बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साईड पूर्ववत होतो, काही महिन्यांत खोकला आणि धाप उतरते. रिचर्ड डॉल या संशोधकांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांची पन्नास वर्षं नोंद ठेवली, त्यात साठीत सोडणाऱ्यांचंही आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढलेलं दिसलं. तुम्ही साठीच्या पुढे आहात, तुम्हाला किती मिळेल ते मी सांगू शकत नाही. पण आईच्या खोलीतली हवा त्याच दिवशी बदलेल.

२८ तारखेला आईला पुन्हा दाखवायचं आहे. मी आदल्या रात्रीच्या बसने येते. डॉक्टर तोच प्रश्न पुन्हा विचारतील, नाही विचारला तर मी काढीन. तेव्हा आई, तू बोलू नकोस. उत्तर बाबा देतील.

तुमची,
नंदा

ता. क. कुरडया संपल्या. पण कुणाबरोबर पाठवू नकोस, आल्यावर गच्चीवरच्या खोलीतून मी काढून घेईन.