आईची बोटं आणि बाबांचा घोटा

लंडन
रविवार, रात्री उशिरा

ती. आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, मी बरी आहे. फोनवर हे बोलायला गेले की आई "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलते आणि बाबा फोन ताईच्या हातात देऊन अंगणात जातात. कागदाला अंगणात जाता येत नाही, म्हणून लिहितेय. ताई, दोघांना समोर बसवून मोठ्यानं वाच. बाबांचा चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

ताईनं मला दोन गोष्टी सांगितल्या. बाबा उसाच्या सरीत पाय मुरगळून पडले, घोटा टम्म सुजला, आणि गेले सोळा दिवस ते मेडिकलमधून आणलेली सुजेची गोळी दोन वेळा खातायत. आणि आईनं दोन महिन्यांपूर्वी तिची आमवाताची शनिवारची गोळी बंद केली, कारण भिशीत कुणीतरी म्हणालं की ती कॅन्सरवरची गोळी आहे. म्हणजे जी सूज आपण होऊन ओसरणार होती तिच्यामागे बाबा हात धुऊन लागलेत, आणि जी सूज आईची हाडं कुरतडतेय तिला मोकळं रान. घरात दोन सुजा, आणि दोघांनीही उलटंच केलंत!

आई, मी चौथीत असताना टाचेत बाभळीचा काटा मोडला होता, आठवतंय? टाच लाल झाली, तापली, सुजली, रात्रभर ठणकली. तू गव्हाच्या पिठाचं गरम पोटीस बांधलंस आणि दोन दिवसांनी पुवाबरोबर काटा बाहेर आला. लाली, सूज, उष्णता आणि ठणका ही सुजेची चार लक्षणं दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं याच चार शब्दांत लिहून ठेवली होती आणि आम्हाला ती नर्सिंगला तशीच पाठ करायला लावली. काटा घुसला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि गरमी. त्यांच्या भिंतींतून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, म्हणून सूज. नसा हळव्या होतात, म्हणून ठणका, म्हणजे माणूस त्या पायावर जोर देत नाही. पू म्हणजे बराचसा तिथे लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा खच. आपण त्याला घाण म्हणतो.

काट्यावरूनच हे सगळं उलगडलं, हे मला इथे आल्यावर कळलं. १८८२ साली मेचनिकॉफ नावाचा रशियन शास्त्रज्ञ सिसिलीत मेसिनाला राहत होता. घरची मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती आणि हा एकटा सूक्ष्मदर्शक घेऊन बसला होता. त्याच्या मनात काय आलं, तर बागेतले गुलाबाचे काटे तोडून त्यानं तारामाशाच्या पिल्लांच्या अंगात खुपसले. पिल्लं काचेसारखी पारदर्शक, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. सकाळी बघतो तर हिंडत्या पेशींनी काट्याभोवती गराडा घातलेला. तोवर सूज हा एक बिघाडच, अशी बहुतेकांची समजूत होती. हा म्हणाला, ही शरीराची स्वतःची फौज आहे. १९०८ साली त्याला नोबेल मिळालं.

आता बाबा, तुमचा घोटा. तिथे काटा नाही, पण अस्थिबंधाचे धागे तुटलेत. पहिल्या एक-दोन दिवसांत एका जातीच्या पांढऱ्या पेशी येऊन मोडतोड गोळा करतात. मागून दुसऱ्या येतात, त्या राडारोडा गिळतात आणि नवे धागे विणणाऱ्यांना आवतण देतात. पहिली पाळी आलीच नाही तर दुसरी येणार कशी? घरी कुणाचा पाय मुरगळला की तुम्ही बर्फ आणायला पळायचात. विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, हा मंत्र १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकी डॉक्टरनं दिला आणि तो जगभर पसरला. पुढे त्यानंच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबू शकतं. आपलं म्हणणं असं मागे घेणारा माणूस मला आवडतो. ठणका फार असेल तर थोडा वेळ बर्फ लावायला हरकत नाही. पट्टी बांधा, पाय उशीवर ठेवा आणि सोसेल तसा रोज हलवा.

गोळी मात्र थांबवा. ती दुखणं कमी करते ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं अडवून. हे १९७१ साली जॉन वेन यांनी इथे लंडनमध्येच अॅस्पिरिनवर दाखवलं. पण तीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडांचा रक्तपुरवठाही. दोन दिवस घेतली तर फार बिघडत नाही. सोळा दिवस, तेही बीपीच्या गोळीबरोबर, म्हणजे बीपी चढायचं आणि मूत्रपिंडांना धोका. रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, त्यावरून मूत्रपिंडं कशी चाललीत ते कळतं. आणि अजूनही चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, तर आधी एक्स-रे. "हाड मोडलं असतं तर मला कळलं नसतं काय" हे वाक्य मी इथे इंग्रजीतसुद्धा ऐकते.

गुऱ्हाळावर तुम्ही मला लहानपणी न्यायचात. काहिलीखालचा जाळ कमी पडला तर रस घट्ट होत नाही. पण सगळी अक्कल काहील उतरवण्यात, असं तुम्ही म्हणायचात. गुळव्या पाण्यात थेंब टाकून बघायचा आणि "उतरवा" म्हणाला की चौघं धावायचे. अंगातल्या सुजेचंही तसंच. जाळ नुसता विझत नाही, तो उतरवावा लागतो, आणि तो उतरवणारी द्रव्यं शरीर स्वतः बनवतं. बाबांच्या घोट्यात हा गुळव्या जागा आहे. आई, तुझ्या बोटांत तो नाही.

तुझा आमवात आणि आत्याचे झिजलेले गुडघे हे दोन वेगळे रोग आहेत. तिनं सांगितलेलं तेल तिच्याकडेच राहू दे. तुझ्या बोटांत ना काटा आहे, ना जंतू. पांढऱ्या पेशी तुझ्याच सांध्याच्या अस्तराला परकं समजून बसल्यात. कुंपणानंच शेत खायला घेतलंय. ते अस्तर सुजून जाड होतं आणि कडेचं हाड पोखरतं. म्हणून सकाळी उठल्यावर तास दीड तास मूठ वळत नाही, म्हणून भाकरी थापणं बंद झालं आणि बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. पोखरलेलं हाड पुन्हा भरून येत नाही, म्हणून मी घाई करतेय. ही आग बोटांपुरती राहत नाही, वर्षानुवर्षं धुमसली तर हृदयविकाराचा धोकाही वाढवते.

त्या कॅन्सरच्या गोळीबद्दल. भिशीतली बाई अर्धं खरं बोलली. मेथोट्रेक्सेट कॅन्सरलाही देतात, पण तिथे अनेकदा एका वेळी शेकडो मिलिग्रॅम जातात. तुला आठवड्याला पंधरा. एवढ्या मात्रेत ती त्या माथेफिरू पेशींना फक्त शांत करते. आणि तिच्यामागे कोण आहे माहीत आहे? आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ चा जन्म, मद्रासला वैद्यकी शिकून अमेरिकेत गेले आणि पुढे लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख झाले. शनिवारची मेथोट्रेक्सेट आणि सोमवारची फॉलिक अॅसिडची पिवळी गोळी, दोन्ही त्यांच्याच हाताखालच्या मंडळींनी तिथे बनवल्या. पहिलीनं होणारा त्रास दुसरीनं कमी होतो. १९४८ साली ते गेले, तेव्हा सांधे दुखणाऱ्या बायांना यातलं काही मिळणार आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. भिशीत हे सांग.

ताईनं बिचकत बिचकत आणखी एक सांगितलं. गोळी सोडल्यावर तू बाजाराच्या दिवशी कुणाकडून तरी पुड्या आणल्यास. दोन दिवसांत उतार पडला, महिन्यात चेहरा भरला, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. आई, चेहरा गोल होणं आणि साखर वाढणं ही स्टेरॉइडची खूण आहे. मी पुडी बघितलेली नाही, पण इतक्या वर्षांच्या आमवाताला दोन दिवसांत उतार पाडणाऱ्या बिननावाच्या पुडीवर माझा दुसरा संशय जातच नाही. स्टेरॉइड मुळात वाईट नाही. १९४८ साली अमेरिकेत हेंच यांनी कॉर्टिसोन पहिल्यांदा दिलं तेव्हा अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालू लागली. पण कळत नकळत महिनोन्‌महिने घेतलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, जंतूंना वाट मिळते. आणि आता हे वाचून पुड्या एकदम टाकून देऊ नकोस! शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं विसरलेलं असतं, अचानक तोडलं तर माणूस कोसळतो. पुडी तशीच घेऊन डॉक्टरांकडे जा. ते रागावतील. रागावू देत.

हळदीचं दूध घे, मी अडवणार नाही. जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेनं १९९५ मध्ये देऊन टाकलं होतं आणि माशेलकरांच्या पुढाकारानं ते १९९७ मध्ये रद्द झालं, हे बाबांनीच मला अभिमानानं सांगितलं होतं. पण पोटात घेतलेल्या हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं. दुधाच्या भरवशावर सांधे सोडता येणार नाहीत.

बाबा मागच्या वर्षी डॉक्टरांवर चिडले होते ना, "हात दुखतोय तर छातीचा फोटो कशाला?" म्हणून. त्याचं उत्तर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. बसमधून जाताना फुलहॅम पॅलेस रोडवर चॅरिंग क्रॉस हॉस्पिटल लागतं. १९९२ मध्ये तिथे मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांच्या चमूनं आमवाताच्या वीस रुग्णांना एक नवं औषध दिलं. मैनी मूळचे लुधियानाचे. सुजेचा निरोप पोहोचवणारं टीएनएफ नावाचं एक प्रथिन असतं, त्याला हे औषध बांधून टाकतं. वर्षानुवर्षं आखडलेले लोक काही आठवड्यांत मोकळे झाले. डॉक्टरांनी तुझ्यासाठी ज्या महागड्या इंजेक्शनचं नाव काढलं होतं ते याच घराण्यातलं. मी आता आठवड्यातून चार दिवस हेच सलाईनमधून देते.

पण २००१ मध्ये दुसरी बाजू उघडी पडली. हे औषध घेतलेल्यांपैकी सत्तर जणांना क्षयरोग झाल्याचं प्रसिद्ध झालं. क्षयाचे जंतू अनेकांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षं झोपून असतात आणि पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती भिंत बांधून बसलेल्या असतात. ती भिंत उभी ठेवायला हेच टीएनएफ लागतं. बोटांतली आग विझवायला गेलो आणि छातीतल्या तुरुंगाचे पहारेकरीच काढून घेतले! आजोबांना क्षय होता आणि आई लग्न होऊन आली तेव्हा ते याच घरात खोकत होते. म्हणून छातीचा फोटो, म्हणून मॉन्टू, म्हणजे हातावर सुई टोचून करतात ती क्षयाची तपासणी, किंवा रक्ताची तपासणी. इंजेक्शनची वेळ आलीच तर त्यातली एकही चुकवायची नाही.

पुण्यात कोविडच्या वॉर्डात होते तेव्हा सुजेच्या या दोन बाजू मी फार जवळून पाहिल्या. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा आम्ही ड्युटी रूममध्ये एकमेकींना वाचून दाखवला होता. डेक्सामेथासोन नावाचं साधं स्वस्त स्टेरॉइड, रोज सहा मिलिग्रॅम. व्हेंटिलेटरवरच्यांत मृत्यू एक तृतीयांशानं कमी, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र काही फायदा नाही, उलट थोडा तोटाच असावा. औषध एकच, पण सुरुवातीला ती सूज विषाणूशी लढत असते आणि पुढे तीच फुप्फुस बुडवते. आपल्याकडे दुसऱ्या लाटेत लोकांनी घरच्या घरी पहिल्या दिवसापासून ते खाल्लं, त्यात मधुमेह, आणि काळी बुरशी आली. एका बाईंचा डोळा काढावा लागला त्या रात्री मी तुला फोन केला होता, आई, आणि काही न बोलता ठेवला होता. तू अजून विचारतेस तेव्हा काय झालं होतं म्हणून.

असो. सोमवारी डॉक्टरांची वेळ ताईनं घेतलीच आहे. जाताना पुड्या, जुने रिपोर्ट आणि बाबांची गोळ्यांची पट्टीही न्या. मेथोट्रेक्सेट तुझ्या मनानं सुरू करू नकोस. रक्त तपासून ते सांगतील तेव्हाच, आणि आठवड्यातून एकदाच. रोज खाल्ली तर ती जिवावर बेतते, म्हणून ताई, कॅलेंडरवर शनिवारभोवती लाल गोल कर आणि डबा तुझ्या कपाटात ठेव. ताप आला तर त्या आठवड्याची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन.

इथे सहाला अजून उजेड आहे, पण थंडी सुरू झाली. गोड्या मसाल्याचा डबा संपत आला, कुणी येणार असेल तर पाठव. शनिवारी तुमच्याकडे रात्री नऊला फोन करते. आधी बाबांनी घ्यायचा, आणि अंगणात कोपऱ्यापर्यंत चालून दाखवायचं, ताई व्हिडिओ धरेल. मग आई. तू मूठ वळवून दाखव, अर्धी वळली तर अर्धी.

तुमची,
धाकटी