विषाणू : लॅटिनचा भाऊबंद

संपादक महोदय,

‘विषाणू हा ओढूनताणून बनवलेला शब्द आहे, सरळ व्हायरस लिहा’ अशी सूचना गेल्या आठवड्यात आपल्या एका वाचकाने केली आहे. मिरजेत ३४ वर्षं मी औषधांचं दुकान चालवलं. आता दुपारी लॅटिनचा कोश उघडून बसतो. म्हणून हे पत्र.

व्हायरस हा मूळचा लॅटिन शब्द ‘वीरुस’, म्हणजे विष, चिकट ओंगळ द्रव. आपलं ‘विष’ आणि हा शब्द एकाच जुन्या मुळातून आले आहेत. मग आपल्याकडे ‘ष’ आणि तिकडे ‘र’ कसा? मुळात ‘स’ होता, संस्कृतात त्याचा ‘ष’ झाला. दोन स्वरांमध्ये आलेल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ होत गेला. संस्कृतात सुनेला स्नुषा म्हणतात, रोमन तिला ‘नुरुस’ म्हणत. आपली ‘सून’ही त्या स्नुषेचीच. घरातल्या हाकेचा शब्द रोममध्ये सापडला, त्या दुपारी मी कोश मिटून बायकोला हाक मारली, आणि तिलाही तो वाचून दाखवला.

पण म्हणून ‘व्हायरस संस्कृतातून गेला’ असं फिरवू नये. ही भावंडं आहेत, मायलेक नव्हेत.

१८९८ साली हॉलंडमध्ये शास्त्रज्ञ बायरिंक यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस चिनी मातीच्या गाळणीतून गाळला. जिवाणू गाळणीत अडकतात, तरी गाळलेल्या रसाने निरोगी झाड आजारी पडलं. त्यांनी त्या रसातल्या रोगकारकाला ‘व्हायरस’ म्हटलं आणि तो द्रवच असावा असं मानलं. पुढे ते सूक्ष्म कण निघाले. आपल्या शब्दात ‘अणू’ आहे, लॅटिन शब्दात नाही. मग ओढूनताणून कोणता?

एक तक्रारही आहे. डेंग्यूच्या बातमीत अनेकदा ‘जिवाणूंमुळे होणारा’ असं छापलं जातं. डेंग्यू विषाणूमुळे होतो. हा फरक गल्ल्यावर बसणाऱ्याला रोज भोगावा लागतो. तापाने फणफणलेल्या लेकराला कडेवर घेऊन बाई म्हणते, ‘दादा, अँटिबायोटिक द्या, जंतू मरतील.’ ते औषध जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही, हे तिला समजावताना माझे शब्द कित्येकदा अपुरे पडले आहेत. पेपरात दोन्ही शब्द नीट छापून आले असते, तर मला तो कागद तिच्यापुढे धरता आला असता.

आपला,
एक निवृत्त औषधविक्रेता, मिरज